लांडगा कुणाकडे बघतोय

दिनशो गावच्या थांब्यावर गोबा शहराला जाणाऱ्या गाडीसाठी उभा होतो. मागे एक बाई आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला तरुण बोलत होते.

“डागिम, ह्यांचा एक तरी फोटो असेलच की रे!”

“शोधतोय, वहिनी. सगळे लांडग्यांचेच निघतायत.”

“वर्षानुवर्षं दोघं सानेट्टीच्या पठारावर कुडकुडत बसलात, आणि एकही नाही?”

“कॅमेरा उचलला की कादिरोदादा बाजूला सरकायचे. म्हणायचे, माझं काय बघायचंय? लांडगे संपत चाललेत, त्यांचे काढ.”

“लग्नातही काढू दिला नाही. आता माती देऊन वर्ष झालं नाही, तर मला चेहराच नीट आठवेना.”

“हा बघा, माझा सगळ्यात गाजलेला.”

“परत लांडगाच! पण हा तुझ्याकडे कुठे बघतोय?”

“दादांकडे बघतोय. ते शेजारी बसले होते. मी एकटा असताना हा कधी जवळ आलाच नाही.”

“ह्या बाजूला बसले होते?”

“हो. फोटोच्या जरा बाहेर.”

गाडी आली. रांग सरकली, ती दोघं मात्र तिथेच.

“हाच मोठा करून दे. चुलीपाशी ह्यांची बसायची जागा आहे ना, तिच्याकडे बघेल असा लावते.”