दाराखालच्या सुया

(मधलं दार बंद. सून आतल्या खोलीत, सासरे बाहेर शिंपीकामाच्या दुकानात.)

सून : बाबा, रिकामं मशीन चालवू नका.

सासरे : रिकामं कसं? कॉलर शिवतोय.

सून : खाली कापड असलं की आवाज दबका येतो. मघापासून नुसती खडखड ऐकतेय मी. तुम्हाला खोकल्याची उबळ आली की मशीन धावायला लागतं.

सासरे : सूनबाई, तू आजारी आहेस. कान मिटून पडून राहा.

सून : ताप मोजलात?

सासरे : मोजला.

सून : किती?

सासरे : त्या काचेच्या नळीतलं बारीक कुणाला दिसतं?

सून : म्हणजे नाही मोजला. तुमची तपासणी करायचीय, बाबा. आरोग्य केंद्रात फुकट करतात. नाकात काडी फिरवतात, थोड्या वेळात सांगतात. माझी तशीच केली.

सासरे : माझी कशाला? तुझा कोरोना निघाला त्याच दिवशी हे दार लावलं. ताट वेगळं, कप वेगळा, खिडक्या सताड उघड्या. साधी सर्दी आहे.

सून : मागच्या हिवाळ्यातही साधी सर्दीच होती. मग न्यूमोनिया झाला, ऑक्सिजनची नळी लावली. मी खुर्चीवर बसून तुमची छाती वरखाली होते का बघत होते. त्या खुर्चीवर मला परत बसायचं नाही.

सासरे : बँडवाल्यांचे कोट कोण पुरे करणार?

सून : शिर सलामत तर पगडी पचास. तुमच्या वयाला, त्यातून छाती नाजूक असली की, गोळ्या लवकर सुरू कराव्या लागतात. उशिरा घेतल्या तर तेवढा गुण येत नाही, असं डॉक्टरांनी मला बजावून सांगितलंय.

सासरे : बघू उद्या. ही घे, काळा धागा.

सून : काय?

सासरे : सुई. दाराखालून सरकवलीय.

सून : बाबा, ही मी ओवते कशी?

सासरे : कशी म्हणजे? धाग्याचं टोक ओठांनी ओलं करतेस आणि...

सून : आणि टाका संपला की तुम्ही तोच धागा दातांनी तोडता. ताट वेगळं केलं, कप वेगळा केला, आणि दाराखालून उष्ट्या सुया देतेय मी तुम्हाला.

सासरे : माझ्याही ध्यानात आलं नाही गं.

सून : आता तरी चला.

सासरे : तिथे पहिला प्रश्न तोच विचारतील, कसा संबंध आला? ती सिस्टर आपली गिऱ्हाईक. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिंप्याला सुईचं नेढं दिसत नाही हे कळलं, तर कापड कोण देईल माझ्या हातात?

सून : म्हणून जीव देणार? मी सिस्टरना फोन केलाय. येतायत त्या.

सासरे : मला न विचारता?

सून : विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. रागवा माझ्यावर, पण बरे होऊन रागवा.

(थोड्या वेळाने. नर्स दुकानाच्या दारात.)

नर्स : मास्तर, आहात का?

सासरे : दुकान बंद आहे.

नर्स : म्हणूनच उंबऱ्यात उभी आहे. बोट द्या. आधी ते अंगुस्तान काढा.

सासरे : हा चिमटा काय सांगतो?

नर्स : रक्तात ऑक्सिजन किती ते. ठीक आहे, पण काठावर. आता मान मागे. डोळ्यांत पाणी येईल, हलू नका.

सून : सिस्टर, काय निघालं?

नर्स : थांबा, रेघ उमटू दे. हो, निघालाय. पण वेळेत सापडलाय. नेहमीच्या गोळ्या कोणत्या घेता ते दाखवा, डॉक्टरांना विचारून आजच औषध सुरू करू. दम लागला, छातीत दुखलं, तर सकाळची वाट बघायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आणि हे मधलं दार उघडा, दोघांचं दुखणं एकच. खिडक्या मात्र उघड्याच ठेवा.

सासरे : बरं.

नर्स : आता सांगा, दुकानात कोण कोण येऊन बसलं? त्यांनाही सावध करायला हवं.

सून : मी सांगते, सिस्टर. माझ्याकडूनच...

सासरे : थांब गं. माझ्यासाठी तू खोटं बोलू नकोस. सिस्टर, आत कुणी बसलं नाही, कोटांची मापं बँडवाल्यांनी आधीच दिलीत. हिला खोकला होता तेव्हा ही माझ्या दिव्याशी वाकून, मास्क खाली करून सुया ओवायची. मला नेढं दिसत नाही.

नर्स : कधीपासून?

सासरे : तुमचा पांढरा कोट शिवला, त्याच्याही आधीपासून.

नर्स : त्याचा एक टाका उसवला नाही अजून. बरे झालात की केंद्रातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना डोळे दाखवा. मी येते संध्याकाळी.

सासरे : सूनबाई, ऐकलंस ना सगळं?

सून : ऐकलं. दार उघडलंय मी. ती काचेची नळी इकडे द्या, मी वाचते.