दुसऱ्या पियानोवर कोण

झेरॉक्सच्या दुकानात मायलेकी ऑर्केस्ट्रासोबत वाजवायच्या पियानो कॉन्चेर्टोची दोन पुस्तकं घेऊन उभ्या होत्या. झेरॉक्सवाल्याचे हात मशीनवर होते, कान त्यांच्याकडे.

आई म्हणाली, “स्पर्धेला हा अवघड घे. परीक्षक तोंडात बोटं घालतील.”

“मी हा जुनाच घेणार.”

“इतका संथ? झोपतील गं ते.”

“स्पर्धेत ऑर्केस्ट्रा नसतो, त्याचा भाग दुसऱ्या पियानोवर कुणीतरी वाजवायला हवा ना. यात तुझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, आई.”

“वीस वर्षं झाली त्याला. बोटं गंजली माझी.”

“चार महिने आहेत.”

“तुझे बाबा हसतील.”

“त्यांनीच हे पुस्तक माळ्यावरून शोधून दिलं.”

आईनं जुनं पुस्तक काउंटरवर ठेवलं. झेरॉक्सवाल्यानं त्याची सुटी झालेली पानं जुळवत विचारलं, “एकच प्रत ना?”

“दोन,” आई म्हणाली. “एक जरा मोठी करून द्या. मला आता बारीक दिसत नाही.”