अण्णांचा टेस्टर

आमच्या अण्णांची बोलती आयुष्यात एकदाच बंद झाली, आणि तेव्हा मी समोर होतो. अण्णा म्हणजे माझे वडील, जन्मभर अलोऱ्याला वायरमन. शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट. आई कॅन्सरने गेली, त्यानंतर ते मुंबईला माझी लॅब बघायला आले. तिथे एकच भलंमोठं चुंबक, आणि चार इस्पितळांचे लोक कॅन्सरचे नमुने पाळीपाळीने त्यात तपासायचे.

दारातच मी म्हटलं, "अण्णा, सगळं लोखंड बाहेर ठेवा."

घड्याळ, किल्ल्या ठेवल्या. टेस्टर खिशातच! वायरमन तो ठेवतो होय? आत जरा वाकले, तर टेस्टर उडाला तो थेट चुंबकाच्या टाकीला चिकटला.

अण्णा ओरडले, "मेल्या, मेन स्विच पाड!"

"स्विचच नाही, अण्णा. चार वर्षांपूर्वी एकदा वीज भरली नि तार काढून घेतली. आत इतकं थंड आहे की विजेला अडथळाच नाही, ती अजून फिरतेय."

"आणि लाइट गेली तर?"

"तरी फिरते."

अण्णा गप्प. दोन दिवस गप्प. परतीच्या एस्टीत बसल्यावर खिडकीतून माझा हात धरला.

"तुझ्या आईला घेऊन इस्पितळं फिरता फिरता मी दमलो होतो रे. त्या विजेला दमू देऊ नकोस."