नकाशासाठी ग्राफिक्स

निवृत्त उपसचिव श्यामकांत दिल्लीत नेहरू प्लेसच्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे बाकावर बसले होते. घरी त्यांनी पेन्शनचा फॉर्म उघडत नाही असं सांगितलं होतं. खरं म्हणजे गेममधलं त्यांचं विमान पंधरा दिवस हवेतच गोठलं होतं आणि आतले प्रवासी उपाशी होते. काउंटरवर जालन्याची आई आणि यूपीएससीची तयारी करणारी लेक उभी होती. मराठी ऐकून श्यामकांतांनी कान टवकारले.

"भैया, ग्राफिक्स बदल दो. इसको भूगोल के नक्शे अटकते हैं."

"आंटी, वो नहीं बदलता. चिप बोर्ड पे ही जुड़ी है. रॅम बढ़ा दूँ?"

"काय म्हणतो गं?"

"मूळ चिप बदलत नाही, आई. फक्त रॅम वाढते."

"म्हणजे तुझंच की! दोन क्लास लावले, तीन अटेम्प्ट झाले, चिप जिथल्या तिथे."

"हळू बोल ना यार!"

"का? इथे मराठी कुणाला कळतंय? भैया, नक्शे को कितना ग्राफिक्स लगता है?"

"नक्शा तो मोबाइल पे चल जाएगा. ये तो गेमवाले पूछते हैं."

"अच्छा! तरीच म्हटलं, फोनवर रोज गोळीबार ऐकू येतो. गोदावरीच्या खोऱ्यात चालतो वाटतं?"

"आई..."

"चल, ॲटलास घेऊ. त्यात नद्या अडकत नाहीत. आणि ते आजोबा बघ, या वयात कामाचं घेऊन बसलेत. शिक काहीतरी!"

"हाँ अंकल, आपका?"

श्यामकांतांनी लॅपटॉप पोटाशी धरला.

"पेन्शन का फॉर्म नहीं खुलता."