फूस मीच लावली

नाव: तक्रारीत लिहिले आहे तेच. वय: एकाहत्तर (तक्रारीत पंच्याहत्तर पडले आहे, ते दुरुस्त करावे). व्यवसाय: सरकारी रुग्णालयाच्या भांडारातून भांडारपाल म्हणून निवृत्त. राहणार: दवाखान्यामागची गल्ली, दुसरा मजला, भाच्याच्या घरी.

ठाण्यात स्वतः येऊन, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असे सांगते की, बेपत्ता म्हणून जिची नोंद आहे ती वृद्ध महिला मीच. आज शनिवारी दुपारी साडेतीन वाजता बोटीतून उतरले आणि धक्क्यावरून थेट इथे आले. अजून घरी गेलेले नाही. फुलांच्या गाडीचा ड्रायव्हर काल सकाळपासून इथे बसून आहे आणि माझा जबाब झाल्याशिवाय त्याला सोडता येत नाही, असे मला फोनवर कळले होते. म्हणून त्याच्यापुरते आधी लिहून घ्यावे. त्याने मला फूस लावलेली नाही. फूस मीच त्याला लावली. त्याने माझे दागिने घेतलेले नाहीत. दोन बांगड्यांपैकी एक माझ्या हातात आहे, ती साहेबांनी पाहिली. दुसरी मी काल लग्नात भाचीला दिली.

आता क्रमाने सांगते.

ही भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ जहाजावर नोकरीला होता, तिची आई लवकर गेली, त्यामुळे सहाव्या वर्षापासून ती माझ्याजवळ वाढली. मी ज्याच्या घरी राहते तो थोरल्या भावाचा मुलगा. तो, त्याची बायको आणि दोन मुले, असे चौघे. भाचीने लग्न एका बेटावर, समुद्रकाठच्या हॉटेलात करायचे ठरवले. तिचा आणि होणाऱ्या नवऱ्याचा स्वतःच्या कमाईतला खर्च होता. पाहुण्यांनी विमानाचे आणि तीन रात्रींच्या खोलीचे आपापले बघायचे होते. पत्रिकेसोबत पाहुण्यांसाठी सूचनांची दोन पाने आली. छोटे विमान असल्यामुळे माणशी एकच हलकी बॅग, ऊन फार, डास आहेत, वाळूत चालण्यासारख्या चपला आणाव्यात, कपडे पांढरे किंवा फिकट निळे. माझ्याकडे फिकट निळी साडी एकच आहे, तीही धुऊन धुऊन फिकट झालेली.

चार महिन्यांपूर्वी एका रविवारी भाचा जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन खर्चाचा अंदाज मांडत होता. मी पलीकडे शेंगा सोलत होते. त्याने पाच जणांचा हिशेब मांडला. मग मुलीची सायकल खोडली, घराचा रंग खोडला, तरी जमेना. शेवटी त्याने खाली लिहिले, ‘ऑफिसातून उचल’. तो बायकोला हळूच म्हणाला, “आत्याला नाही कसं म्हणायचं? तिनेच तर वाढवलीय तिला.” बायको म्हणाली, “नाही म्हणायचं कशाला? घेऊ उचल. वर्षभर फेडू.” मला हे ऐकू आले. एकतीस वर्षे मी भांडार सांभाळले, कोणता आकडा कुठे बसत नाही हे मला लांबूनही कळते. मी तिथूनच म्हटले, “मला धरू नका रे. माझे गुडघे विमानात बसायचे नाहीत. मी घरीच बरी.” हे खोटे होते. घरात खोटे बोलले, इथे खरे सांगते. माझे गुडघे ठणठणीत आहेत, काल वाळूत चार तास उभी होते.

भाच्याने पुष्कळ आग्रह केला. भाचीनेही फोन करून तिकीट पाठवते म्हटले. मी कोणाचे ऐकले नाही. मात्र न जाण्याचा विचार मी एक मिनिटही केला नव्हता, हे नमूद करावे.

माझा अंदाजपत्रकाचा कागद या जबाबासोबत जोडला आहे. त्यात प्रवास शून्य, राहणे शून्य, कापडी बूट एक जोड, उलटीच्या गोळ्या एक पाकीट, टोपी शेजारणीची. प्रवास शून्य यासाठी की बेटावरच्या हॉटेलांना आपल्या इथूनच फुले जातात. ती नेणारा ड्रायव्हर पूर्वी आमच्या भांडारात औषधांची खोकी आणून द्यायचा. त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणतात, कारण तो गाडी तशीच चालवतो. एकाही खोक्यातली एकही बाटली कधी फुटली नाही. या लग्नाची फुले तोच नेणार आहे हे मी चौकशी करून काढले आणि त्याला गाठले.

त्याने आधी साफ नाही म्हटले. म्हणाला, “आत्याबाई, गाडीत फुलांसाठी गारठा सोडलेला असतो. तुम्ही कुडकुडून जाल. आणि तुमच्या भाच्याला कळलं तर माझं काय?” मी म्हटले, घोंगडी घेईन आणि भाच्याला कळणार नाही. तीन दिवस मागे लागले तेव्हा तो वैतागून हो म्हणाला. लग्न लागेपर्यंत कोणालाही काही सांगणार नाही, असा शब्द मी त्याच्याकडून घेतला. माझा बेत असा होता की चौघे लग्नाच्या जागी येतील, मी आधीच तिथे बसलेली असेन आणि त्यांची तोंडे बघण्यासारखी होतील. एकाहत्तराव्या वर्षी मला हा उद्योग सुचला.

चौघे लग्नाला जाणार त्या चार दिवसांत मी माझ्या मैत्रिणीकडे, म्हणजे रुग्णालयातल्या जुन्या परिचारिकेकडे राहायचे ठरले होते. तिला मी सांगितले की बेत बदलला, मीही यांच्याबरोबरच चालले. गुरुवारी सकाळी सहाला, तुमची गडबड व्हायच्या आत मैत्रिणीकडे जाते, असे सांगून मी घर सोडले. मोबाइल मुद्दाम स्वयंपाकघरातल्या खणात ठेवला. गल्लीच्या तोंडाशी दुधाच्या दुकानासमोर गाडीत बसले. तिथल्या कॅमेऱ्यात हे दिसते, ते खरे आहे. कॅमेऱ्यात तो मला ओढतोय असे वाटते. प्रत्यक्षात पायरी उंच होती आणि तो मला हात देत होता.

सातला मालवाहू बोट सुटली. कप्तानाने मला आपली खुर्ची दिली. मला दोनदा उलटी झाली, दोन्ही वेळा सावकाशने पाणी दिले आणि तोंड दुसरीकडे केले. दुपारी तीनला पोहोचलो. त्याने हॉटेलच्या धुलाई विभागाच्या बाईंशी बोलून माझी सोय चादरींच्या खोलीत लावली, फुले उतरवली आणि रात्रीच्या बोटीने परत निघाला. मी पैसे पुढे केले ते त्याने घेतले नाहीत. म्हणाला, “परत येताना सांभाळून या. पायरी बघून चढा.” चादरींच्या बाईंनीही एक पैसा घेतला नाही. मी त्यांच्या फडताळातल्या चादरी मोजून लावून दिल्या, तेवढेच.

काल शुक्रवारी संध्याकाळी पाचला समुद्रासमोर लग्न लागले. मी शेवटच्या रांगेमागे उभी होते. भाची चालत येत होती, तिने मला पाहिले आणि सगळे सोडून मागे आली. “आत्या! तू? कशी आलीस?” मी म्हटले, “फुलांबरोबर.” ती रडायला लागली, मीही. मग मी तिला म्हटले, जा, लोक खोळंबलेत. भाच्याचे चौघे मला कुठे दिसेनात. ती म्हणाली की धाकट्याला ताप आहे, म्हणून दादा येऊ शकला नाही, त्याचा फोन आला होता. पोराच्या काळजीने मी सात वाजता तिच्याच मोबाइलवरून घरी फोन लावला.

भाचा म्हणाला, “आत्या, जेवलीस का?”

ताप कोणालाच नव्हता. गुरुवारी विमानतळावर, बॅगा देऊन झाल्यावर, निघण्यापूर्वी माझ्याशी बोलावे म्हणून त्याने मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, आत्या तुमच्याबरोबर आहेत ना? त्यावर चौघे तिथून मागे फिरले. बॅगा परत मिळवायला दोन तास गेले. तिकिटांचे पैसे बुडाले, खोलीचेही. दोन दिवस त्याने रुग्णालये पालथी घातली. माझ्या जुन्या भांडारातही जाऊन विचारले. भाचीला लग्नाच्या दिवशी घोर नको म्हणून तापाचे सांगितले. त्याच्या बायकोने दोन दिवस घरचे दार लावले नाही, असे त्यांच्या मुलीने मला आत्ता सांगितले; चौघेही इथे ठाण्यात आले आहेत.

सावकाशला काल सकाळी सहाला धक्क्यावर ताब्यात घेतले. त्याने एकच सांगितले, “त्या सुखरूप आहेत. बाकी संध्याकाळी सहानंतर सांगतो.” असे बोलल्यावर कोणत्याही पोलिसाला संशय येणारच, त्यात इथल्या लोकांचा दोष नाही. एका वाक्यात तो घरी गेला असता. दिवसभर बसला, मला दिलेल्या शब्दासाठी. सहा वाजता त्याने सगळे सांगितले, पण तोवर त्याच्यावर कोणाचा विश्वास उरला नव्हता आणि हॉटेलच्या पाहुण्यांच्या यादीत माझे नाव नव्हते. मी सातला फोन केला तरी फोनवरचा आवाज चालत नाही, बाई समोर हवी, असे सांगण्यात आले. त्याची एक खेप बुडाली आहे. ती माझ्यामुळे बुडाली, त्याच्या मालकाने त्याला बोल लावू नये.

जबाबात आभार लिहायची पद्धत नाही, असे हवालदारांनी सांगितले. मी म्हटले, मग घडलेली गोष्ट म्हणून लिहा की ही बाई या माणसाची आयुष्यभर ऋणी आहे. त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिले.

इथवर झाल्यावर साहेबांनी सावकाशला सोडण्यास सांगितले. भाच्याने पुढे होऊन त्याचे हात धरले. सावकाश म्हणाला, “ते राहू द्या. आधी चहा सांगा, कालपासून इथला पितोय.”

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. भाच्याने आपली तक्रार मागे घेतली आहे.

बेपत्ता व्यक्ती सापडल्यावर तिला नातेवाइकाच्या ताब्यात द्यावे लागते, त्यासाठी त्याची सही लागते, असे शेवटी मला सांगण्यात आले. मी म्हटले, मी सज्ञान आहे, निवृत्तिवेतन घेते, मला कोणाच्या ताब्यात देण्याची गरज नाही. त्यावर माझ्याकडे न बघता भाचा म्हणाला, “साहेब, कुठे सही करू?” त्याने सही केली. त्यास माझी हरकत नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला. मी, भाचा, त्याची बायको आणि दोन्ही मुलांनी तो ऐकला. मी सांगितले तसाच आहे. सही केली आहे.