बाहेर उघडणारं दार

—नाही नाही, नवीन नको मिस्त्री, अंगणातली हीच लाकडी केबिन टिकवायचीय. पाच वर्षांत खालच्या चार फळ्या कुजल्या, बोट लावलं तर भुगा पडतो—बघा ना. काय? उलट्या बसल्यात? हो... ठाऊक आहे. फळीच्या कडेची जीभ वर हवी, खाच खाली. आमची खाच वर आली, तिच्यात पाणी साचतं. ठाऊक म्हणजे—सांगितलं होतं आम्हाला. माझ्या सासऱ्यांनी. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. ही खोक्यातून सुट्या भागांत आली, हे आणि मी कागद बघून जोडत होतो, आणि बाबा पायरीवर बसून एकच धोशा—“सूनबाई, खाच वर आलीय, पाणी धरेल.” पण तेव्हाच ते जेवून उठले की पुन्हा ताट मागायचे, मग आम्हाला वाटलं, हेही तसलंच. ह्यांनी तर कागदच उलटा धरला होता—हसू नका, खरंच.

तर फळ्या बदला, भिंतींना आतून अस्तर मारा, थंडी लागायला नको. पलंग मावला पाहिजे. आणि दार बाहेर उघडणारं करा. का म्हणजे—आत जागा मोकळी होते ना. हो, जागा तशी पुरेशी आहे... पण करा. बिजागऱ्या बाहेर गेल्या की बरं.

बिजागऱ्यांवरचे ते ओरखडे होय? तुमची नजर पण ना—कसं सांगू? बाबांसाठीच आहे ही खोली. ते घरातून निघून जातात हो. दोनदा शोधून आणलं, एकदा तर गाड्यांच्या मधोमध उभे होते. आम्ही दोघंही कामावर. म्हणून मागच्या आठवड्यात—एकच दिवस हं—इथे थर्मासमध्ये चहा ठेवला, बाहेरून कडी लावली आणि गेले. दिवसभर कामात लक्ष नाही. धावत आले, तर दार निघून भिंतीला टेकवलेलं! चमच्याच्या दांड्याने बिजागऱ्यांचे सगळे स्क्रू काढले, खिडकीत ओळीने मांडून ठेवले, मोठे वेगळे, लहान वेगळे. आणि स्वतः पायरीवर. कुठ्ठे गेले नव्हते. मला म्हणतात, “सूनबाई, दार अडकत होतं, काढून ठेवलं. तू आत अडकली असतीस म्हणजे?”

टेप का गुंडाळताय? मी तशी नाही हो. त्यांच्या ताटातला घास आधी मी चाखते, गरम तर नाही ना म्हणून. पण रस्त्यावर काही झालं तर—सांगा ना, काय करू मी?

अगबाई, आलेच बघा. फळीवरून हात फिरवतायत. बाबा, हे मिस्त्री, फळ्या बदलायला आलेत. हो, उलट्याच आहेत, तुमचंच बरोबर होतं. दार? नाही बाबा, दाराचं काही नाही. दार चांगलं आहे. तुम्हीच तर बसवलंत परत.

मिस्त्री, दाराचं लिहिलंत ना, तेवढं खोडा. माझ्या नोकरीचं मी बघते काय ते. फळ्या घेऊन या सोमवारी. निघा आता—आणि जाताना फाटक तेवढं लावून घ्या.