चार कॅट

महाडहून पोलादपूरला निघालेल्या एस.टी.त साळूबाईला खिडकीची जागा मिळाली होती. पायाशी तिच्या मोरी म्हशीसाठी घेतलेली पेंड होती. शेजारी दोघे दांडा धरून उभे होते, एक वरंधचा, दुसरा मुंबईहून आलेला. वरंधचा म्हणाला,

“हैबतीला एकविसाच्या डावात कोन हरवनार रे? एक्के किती गेले, चित्रं किती गेली, समदं त्याच्या ध्यानात ऱ्हातं.”

“तुम्ही एकाच कॅटनं खेळता म्हणून. त्यात एक्के चारच. चारी पडले की तो हात आखडता घेतो.”

“मंग?”

“या पिशवीत चार कॅट हायत. समदे एकत्र पिसायचे. चार एक्के पडले तरी बारा आत शिल्लक. ठेव म्हणावं ध्यानात!”

“त्याला संशय आला तर?”

“बंबईत असंच खेळतात म्हणायचं. आपल्या ध्यानाची घमेंड हाय त्याला, नाय म्हणायचा नाय.”

“नि डावाला लावनार काय?”

“म्हस. मोरी. कालच कबूल झालाय.”

“घरात बाईला ठाव हाय?”

“बाईला कोण विचारतंय!”

साळूबाईनं पदर पुढे ओढला. गाडीनं वळण घेतलं तसे दोघेही हेलकावले.

“दादा, उभ्यानं तरास होतोय तुमाला. द्या ती पिशवी माझ्या मांडीवर.”

“लई उपकार झाले, मावशी.”

पिशवी तिच्या हातात आली. पुढे सावित्रीचा पूल होता, आणि खिडकीला काच नव्हती.